नंबर तोच राहतो

डेलची पहिली ओळख झाली ती त्याच्या बुटांशी. चेहरा नंतर दिसला.

स्केलथॉर्पच्या मिल लेनवर मी फॉर्मांची फाईल छातीशी धरून उभी होते. हंबर नदीवरून येणारी बारीक भुरभुर केसांत शिरत होती आणि मी पुढच्या दारावर काय हसायचं याचा विचार करत होते. तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला –

"ओ नारिंगी जॅकेट! ती बाजू तुमची नाही!"

वर पाहिलं. टेलिफोनच्या खांबावर चिखलाने माखलेले दोन बूट, त्यांच्यावर पट्टा, आणि पट्ट्याच्या वर एक हसणारी हनुवटी.

"रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का?" मी ओरडले.

"रस्ता नाही. तारा आहेत. म्हणजे बापाच्या नाहीत, साहेबाच्या." बूट जरा हलले. "समोरच्या बाजूला विका काय विकायचं ते. या बाजूला फोन विकता येत नाही तुम्हाला."

आमच्याकडे हे असंच आहे. शहराची स्वतःची टेलिफोन कंपनी आहे, तिचे फोनबूथ दुधावरच्या साईच्या रंगाचे. बाकी सगळ्या देशाचे लाल. मिल लेनच्या मधोमध ती हद्द जाते. लेनच्या एका बाजूला लाल बूथ आहे, दुसऱ्या बाजूला साईच्या रंगाचा, आणि समोरासमोरच्या शेजारणी एकमेकींना फोन लावतात तेव्हा तो दोन कंपन्यांच्या हातातून जातो. इथे जन्मलेलं शेंबडं पोरही हे जाणतं. मीही जाणत होते.

आणि तरीही अर्ध्या तासापूर्वी, त्याच साईच्या बाजूच्या सत्तावीस नंबरच्या घरात, मी फोनसकट अख्खा गठ्ठा विकून आले होते.

"काय विकताय एवढं?" तो खाली उतरायला लागला. एकेक खिळा, सावकाश... मला दाखवायलाच उतरत होता मेला.

"गॅस, वीज, घरचा फोन, मोबाईल. चारही एकाच कंपनीकडून. एक कागद, एक सही, डोक्याला ताप नाही."

"आणि असं म्हणताना मान जराशी तिरकी करायची, हे पण शिकवतात वाटतं?"

मी मान सरळ केली. तो जमिनीवर आला. उंच, कानावर पेन्सिल, आणि डोळे असे की भुरभुर फक्त त्याच्याच पापण्यांवर पडली असावी.

"डेल," तो म्हणाला.

"लॉर्ना. आणि मला काम आहे."

"मलाही आहे. एक वाजता संपेल. कोपऱ्यावर बटाट्याची तळलेली पॅटी चांगली मिळते."

"मी अनोळखी माणसाबरोबर पॅटी खात नाही."

"अनोळखी? तुम्ही माझा बाप काढलात आत्ता!"

मला हसू आलं. इथेच मी फसले. आणि मी त्याला कसं फसवलं, तेही सांगते. 'या बाजूला अजून काही विकलं नाही ना?' असं त्याने पॅटी खाताना विचारलं. मी चिप्सवरचा लाल मसाला बोटाने चाटत म्हणाले – "छे!"

आता आमच्या धंद्याबद्दल सरळ बोलते.

मी आधी कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, कारखान्यात होते. खिडक्यांना रबर बसवायचे. एका शुक्रवारी दोनशे जणांना घरी पाठवलं, त्यात मी होते. पॉलीन मावशीने, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीने, मला कंपनीत घेतलं. घेतलं म्हणजे पगारावर नव्हे. या कंपनीत पगार नसतो. तिची दुकानं नाहीत, जाहिराती नाहीत. माणसंच तिची जाहिरात. मावशीने शेजारणीला विकायचं, शेजारणीने जावेला, जावेने नणंदेला. ज्याला विकलं त्यालाही विकायला लावायचं. शिकवणीच्या वर्गात सांगतात – दार उघडलं की कुत्र्याचं नाव विचारा. चहा दिला तर घ्या, नको म्हणू नका. फोनबद्दल विचारलं तर म्हणा, "नंबर तोच राहतो." आणि कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात जे लिहिलंय – चौदा दिवसांच्या आत गिऱ्हाईक मन बदलू शकतं – ते वाचायची गरज नाही. ज्याला डोळे आहेत तो वाचेल.

सत्तावीस नंबरच्या विल्फ हॉर्नसीला डोळे होते. चष्मा मात्र मागच्या अंगणात राहिला होता म्हणे. सत्तरीचा माणूस, हाताला मक्याच्या दाण्यांचा वास. त्याने एकच प्रश्न विचारला होता – "पोरी, माझा फोन नंबर बदलणार नाही ना? बाकी काहीही बदल, नंबर नको."

"नंबर तोच राहतो," मी म्हणाले.

समोरच्या लाल बाजूला तो खरंच तोच राहतो. साईच्या बाजूला राहत नाही. तिथे आमची कंपनी तारेवाचूनचा एक डबा देते, डब्याचा नवा नंबर असतो, आणि जुनी तार तुटते. मला ते ठाऊक होतं. पण त्या महिन्यात मला एकच सही कमी पडत होती. ती मिळाली की पुढच्या पायरीवर. मग डॉनकॅस्टरच्या हॉटेलात स्टेजवर नाव, टाळ्या, आणि मावशीसारखी कंपनीच्या रंगाची गाडी. नारिंगी. दुरून संत्र्यासारखी दिसणारी. मला ती हवी होती. कारखान्याच्या दारावरून ती चालवत न्यायची होती, हॉर्न वाजवत. खोटं कशाला सांगू?

"आणि हे बघ," सही करताना विल्फ म्हणाला, "माझ्या पोराला यातलं कळू देऊ नकोस इतक्यात. तो टेलिफोनवाल्यांकडे आहे. फणफणेल उगाच. झालं की मी सांगेन."

कुठला पोरगा, मी विचारलं नाही. मला दुसरं दार गाठायचं होतं.

डेल आणि मी त्या आठवड्यात चार वेळा भेटलो. ठरवून एकदाच. बाकी तीन वेळा तो कुठल्या ना कुठल्या खांबावर 'योगायोगाने' होता.

"तू सारखी कुठे पळत असतेस गं?" त्याने विचारलं. आम्ही नदीच्या बांधावर बसलो होतो. समोर चिखल चमकत होता आणि वारा माझे केस त्याच्या तोंडात घालत होता.

"थांबले की मला माझाच राग येतो."

"कशाचा?"

"सगळ्याचा. कारखान्याचा. कंपनीचा. दार उघडणाऱ्यांचा – ते एवढा विश्वास का ठेवतात?"

त्याने तोंडातले माझे केस काढले, आणि काढताना बोट माझ्या कानामागे जरा... रेंगाळलं. मला वाटलं आता हा काहीतरी बोलणार. तो म्हणाला –

"रविवारी आमच्याकडे ये. बापाची पाखरं दाखवतो."

"बापाची ओळख करून द्यायचा हा प्रकार बरा आहे!"

"बाप फुकट. पाखरं बघायला ये."

रविवारी त्याच्या मागोमाग मी मिल लेनवर वळले आणि तो साईच्या बाजूला थांबला. सत्तावीस नंबर. तेच हिरवं फाटक.

विल्फ अंगणात होता. मला बघून त्याचे डोळे मोठे झाले, मग त्याने डेलच्या पाठीआडून मला चक्क डोळा मारला. आमचं दोघांचं गुपित! म्हातारा खूश होता. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"ही लॉर्ना," डेल म्हणाला.

"बरं, बरं. बस पोरी. चहा घेशील?"

चहा घेतला. नको म्हणायचं नाही, शिकवलंय.

अंगणाच्या टोकाला पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांचं लाकडी खुराडं होतं, माणूस उभा राहील एवढं. आत कबुतरं घुमत होती. शर्यतीची पाखरं. दर शनिवारी त्यांना ट्रकमधून लांब नेतात, कधी फ्रान्सपर्यंत, आणि सोडतात. ज्याचं पाखरू आधी घरी त्याची शर्यत. डेलने एक निळी मादी हातात घेतली. बघवत नव्हतं इतक्या हळुवार हातांनी. तिचा पंख त्याने पंख्यासारखा उघडला.

"वाच."

पिसांवर शिक्का होता. काळ्या शाईचे आकडे.

"हे काय?" मी विचारलं. मला कळलं होतं.

"आमचा फोन नंबर. पाखरू वाट चुकलं, कुणाच्या गच्चीत दमून उतरलं, तर तो माणूस पंख उघडतो, नंबर लावतो. मागच्या वर्षी एक हॉलंडला उतरलं होतं. तिथल्या बाईने फोन केला, बाबा तिच्याशी तासभर बोलले. तिला इंग्रजी येत नव्हतं, यांना डच."

"छान बाई होती," विल्फ म्हणाला.

"सगळ्यांच्या पंखांवर... हाच?"

"चाळीसच्या चाळीस. या हंगामात आठ बाहेर राहिलीत. चारांचे फोन आले. बाकी चार कुठे बसलीत देव जाणे. पण येईल फोन. येत्या शनिवारी तर मोठी शर्यत, समुद्रावरची."

डेल चहाचे मग धुवायला आत गेला. विल्फ माझ्याजवळ सरकला.

"नंबर तोच राहील ना पोरी? तसं तू सांगितलंयस. पण म्हाताऱ्याला घोर लागतो."

आता सांग, लॉर्ना. आत्ता, या क्षणी. अजून सहा दिवस आहेत. एक फोन करून तो सगळं रद्द करू शकतो.

स्वयंपाकघरात डेल शीळ घालत होता.

"हो," मी म्हणाले, "तोच."

त्या आठवड्यात मला अन्न गोड लागेना. दार वाजवायचे आणि दार उघडायच्या आत पुढे निघायचे. बुधवारी डेलने मला बांधावर पहिल्यांदा कुशीत घेतलं आणि मी अशी ताठ झाले की तो म्हणाला, "खांब बरा!" गुरुवारी मी मावशीला गाठलं.

"मावशी, साईच्या बाजूचा जुना नंबर ठेवता येतो का गं? काही करून?"

पॉलीन मावशी नखं रंगवत होती. "नाही. का?"

"एका म्हाताऱ्याला मी सांगितलंय की राहतो."

"सगळ्यांनी सांगितलंय." तिने नखावर फुंकर मारली. "त्याचे चौदा दिवस कधी संपतात?"

"शनिवारी. पाच वाजता."

"मग शनिवारी पाचपर्यंत तोंड मिटून बस. सव्वापाचला तुझं नाव पुकारतील. लोकांना नवीन नंबर पाठ होतो गं, दोन दिवस कुरकुरतात."

"पाखरांना नाही होत पाठ."

"कुणाला?"

"काही नाही."

मावशी वाईट नाही, हे लिहून ठेवते. मी उपाशी राहू नये म्हणून तिने मला यात ओढलं. पण माणूस एकदा त्या नारिंगी गाडीत बसला की त्याला काचेबाहेरचं काही ऐकू येत नाही.

शनिवारी त्याच गाडीतून आम्ही डॉनकॅस्टरला निघालो. मी नारिंगी जॅकेट इस्त्री करून घातलेलं. मावशी मला भाषण शिकवत होती – "म्हणायचं, मी एक साधी कामगार मुलगी होते. इथे जरा गळा दाटून आणायचा." वर आभाळ स्वच्छ होतं. त्या आभाळात कुठेतरी, समुद्रावरून, विल्फची पाखरं येत होती. पंखावर नंबर. सोमवारपासून तो नंबर कुणाचाच नसणार होता. कुणी दमलेलं पाखरू उचलेल, फोन लावेल, आणि पलीकडून एक बाई म्हणेल – हा क्रमांक अस्तित्वात नाही.

मी मोबाईलवरून विल्फला लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. शर्यतीच्या दिवशी तो रिसीव्हर काढून ठेवतो, डेलने सांगितलं होतं. आणि डेलचा मोबाईल बंद. शर्यतीच्या दिवशी अंगणात घंटा वाजलेली चालत नाही.

"गाडी थांबव," मी म्हणाले.

"काय?"

"मावशी, गाडी थांबव! मला परत जायचंय."

"डोकं फिरलंय का तुझं? स्टेजवर नाव आहे तुझं!"

"पुकारू दे. ओ देणार नाही मी."

"त्या म्हाताऱ्यासाठी? की त्याच्या कुणासाठी? तोंड बघ कसं लाल झालंय!" मावशीने ब्रेक असा मारला की मागच्याने हॉर्नवर हातच ठेवला. "उतरलीस तर परत माझ्या टीममध्ये नाहीस. सांगून ठेवते."

"सांगितलंस, ऐकलं." मी दार उघडलं. "आणि मी साधी कामगार मुलगी होते ना? ती बरी होती. ती लोकांच्या खिडक्या घट्ट बसवायची, पाणी येत नव्हतं आत."

बस मिळायला वेळ लागला. ती बस तर प्रत्येक थांब्यावर थांबली, आणि प्रत्येक थांब्यावर एक म्हातारी सुट्टे पैसे शोधत होती. मी उभी, बसायला सीट असून उभी. स्केलथॉर्पला उतरून धावले. मिल लेनच्या तोंडाशी चर्चच्या घड्याळात चारला दहा कमी होती असं वाटलं. जवळ गेल्यावर दिसलं, चार वाजून वीस मिनिटं. टाचांचे बूट हातात घेतले आणि मागच्या गल्लीतून फाटक ढकललं –

डेलने तळहात वर केला. थांब.

तो अंगणात पालथ्या खोक्यावर बसला होता. शेजारी विल्फ खुर्चीत, मान आभाळाकडे. दोघंही पुतळे. मी तोंड उघडलं तर डेलने ओठांवर बोट ठेवलं, मग माझ्या जॅकेटकडे दाखवलं आणि मानेवरून सुरी फिरवल्यासारखं केलं. पाखरू वरून येतं तेव्हा अंगणात अनोळखी माणूस दिसला, भडक रंग दिसला, हालचाल दिसली, की ते उतरत नाही. आठशे किलोमीटर उडून येतं आणि शेजारच्या छपरावर बसून राहतं. ते खुराड्यात शिरून त्याच्या पायातली रबराची कडी वेळ नोंदणाऱ्या घड्याळात पडेपर्यंत शर्यत संपत नाही.

मी जॅकेट काढलं. दाण्यांच्या बादलीत कोंबलं आणि तिचं झाकण लावलं. रांगतच त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"आलीस!" तो ओठ न हलवता कुजबुजला. "तुझं ते स्टेज?"

"डेल, मला काहीतरी सांगायचंय. आत्ताच. पाचच्या आत."

"हळू... मान वर ठेव. वर बघत बोल."

मग मी वर बघत बोलले. आयुष्यात मी इतकी हळू कधीच बोलले नव्हते. सही. गठ्ठा. तारेवाचूनचा डबा. नवा नंबर. पॅटी खाताना 'छे' म्हणाले ते. रविवारी त्याच्या बापाच्या तोंडावर 'तोच' म्हणाले ते. आभाळात काहीच नव्हतं, नुसतं निळं, आणि शेजारी डेलचा श्वास बदलत चाललेला ऐकू येत होता.

"म्हणजे," त्याच्या दातांमधून शब्द आले, "सोमवारी तार काढायला मलाच पाठवणार होते. माझ्याच घराची."

"हो."

"आणि तू बुधवारी माझ्या मिठीत उभी होतीस."

"ताठ उभी होते. तू म्हणालास, खांब."

"लॉर्ना, मला आत्ता ओरडायचंय."

"ओरड."

"ओरडता येत नाही ना!" तो फुत्कारला. "मूर्ख... खोटारडी... तुला माहीत होतं बाबांनी चाळीस पाखरांना –"

"श्श!" विल्फने मान न वळवता दटावलं. "भांडणं नंतर. ते बघा, आलं."

ठिपका. मग दोन पंख. पाखरू घरावरून एक फेरी मारून गेलं, दुसरी मारली, आणि शेजारच्या धुरांड्यावर उतरून पिसं साफ करायला लागलं. जसं काही उद्याच जाणार आहे खुराड्यात! चार वाजून पस्तीस. विल्फ दाण्यांचा डबा हलक्या हाताने खुळखुळवू लागला – "ये गं बाई... ये माझी राणी... ये..." राणी पंख ताणत होती. चार एकेचाळीस. मी मांड्यांवर दोन्ही हात दाबून बसले होते. किंचाळावं, जॅकेट फडकवावं, विल्फला खुर्चीतून ओढून फोनपाशी न्यावं असं वाटत होतं. पण हलले तर म्हाताऱ्याची शर्यत जाणार, आणि नाही हलले तर नंबर. त्याचं एक मी आधीच बुडवलं होतं. दुसरं बुडवायची छाती झाली नाही.

डेल माझ्याकडे बघतही नव्हता.

चार सेहेचाळीसला राणीने झेप घेतली, खुराड्याच्या फळीवर उतरली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं... आणि आत. विल्फ म्हातारा राहिलाच नाही. तीन उड्यांत आत. घड्याळाचा खट्ट आवाज आला.

मी उठून त्याच्यासमोर उभी राहिले. "विल्फकाका, मी तुमच्याशी खोटं बोलले. नंबर तोच राहत नाही. पाचच्या आत तुम्ही स्वतः फोन करून नको म्हणालात तर वाचेल. नाहीतर जाईल. दहा मिनिटं आहेत."

विल्फने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या हातात पाखरू होतं अजून. त्याने शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

"दोनदा विचारलं मी तुला," तो म्हणाला.

"हो."

"डेल, धर हिला." त्याने पाखरू डेलच्या हातात दिलं. "फोन कुठला लावायचा, सांग."

स्वयंपाकघरात रिसीव्हर ठेवला, उचलला, मी नंबर फिरवला. पलीकडे संगीत, आणि गोड आवाज – रद्द करण्यासाठी तीन दाबा. विल्फचं बोट तीनवर गेलं.

"तीन नको!" मी ओरडले. आता ओरडायला हरकत नव्हती. "तीन दाबलं की सहा वाजेपर्यंत पियानो ऐकवतात. एक दाबा. नवीन गिऱ्हाईक. ते पहिल्या घंटेला उचलतात."

एक दाबलं. पहिल्या घंटेला उचललं.

"मला तुमचं काही नको," विल्फ म्हणाला. "गॅस नको, वीज नको, डबा नको... कारण? कारण माझा नंबर पंखांवर आहे... पंखांवर, बाई! नाही, ते कुणाचं नाव नाही, पंख. पाखराचे असतात ते... नाही, मी प्यायलेलो नाही... चाळीस!"

डेल दारात उभा होता, छातीशी कबुतर. त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता की रडत होता, मला बघवेना.

विल्फने पेन्सिल मागितली. डेलने कानावरची काढून दिली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर विल्फने रद्द केल्याचा क्रमांक लिहून घेतला, दोनदा वाचून दाखवला, आणि रिसीव्हर परत काढून बाजूला ठेवला. घड्याळात पाचला तीन कमी.

"झालं," तो म्हणाला. मग माझ्याकडे बोट केलं – "तुझ्याशी मी उद्या बोलेन. आज मला वेळ नाही. अजून पाच यायचीत." आणि तो बाहेर गेला.

मी बूट शोधायला लागले. टेबलाखाली नव्हते, दाराशी नव्हते. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळेही दिसत नसतील.

"कुठे निघालीस?" डेल.

"घरी. मला आता मावशी नाही, टीम नाही, आणि तू... तू चिडलायस."

"चिडलोयच. सोमवारीही चिडलेला असेन. मंगळवारचं सांगता येत नाही."

"बुधवारी?"

"बुधवारी..." त्याने विचार केला. त्याच्या हातातलं कबुतरही विचारात पडल्यासारखं दिसत होतं. "बुधवारी नीट भांडावं लागेल. समोरासमोर. पोटभर. रिकाम्या पोटी मला भांडता येत नाही."

"डेल –"

"तू पळत आलीस ना? अनवाणी? डॉनकॅस्टरहून?"

"बसने. गल्लीतून पळत."

"बरं, गल्लीतून." तो एक पाऊल जवळ आला. पाखरू मध्ये होतं म्हणून तेवढंच. "मी तुला खांबावरून पहिल्यांदा पाहिलं ना, तेव्हा वाटलं, ही पोरगी कुठे उतरावं ते शोधत फिरतेय. बाकी तुझं काही खरं नसेल, पण ते खरं होतं. बरोबर?"

मला एक सणसणीत उत्तर सुचत होतं. नेहमी सुचतं. या वेळी ते तोंडाशी येऊन विरघळलं.

"बरोबर," मी म्हणाले. "आणि दुसरंही एक खरं आहे. मी तुझ्यावर –"

"ए!" अंगणातून विल्फची दबकी हाक आली. "या तरी नाहीतर गप्प तरी बसा! दुसरं दिसतंय!"

डेलने राणीला खुराड्यात सोडलं. आम्ही दोघं पालथ्या खोक्यावर जाऊन बसलो, एकाच खोक्यावर, त्यामुळे खांदा खांद्याला लागणारच. तिघांच्याही माना वर. लांब, नदीच्या बाजूला, एक ठिपका डगमगत येत होता.

"काय म्हणत होतीस?" डेलचे ओठ हलले नाहीत.

मी वर बघतच सांगितलं. चार शब्द, श्वासाएवढ्या आवाजात.

त्याला हलता येत नव्हतं. फक्त खोक्याच्या कडेवर, विल्फला आणि आभाळालाही दिसणार नाही असा, त्याचा हात माझ्या हातावर आला आणि घट्ट बसला.